जोखमीची गोळी: दुकानातून घरात येताना

प्रत्येक घरात औषधांचा एक डबा असतो. कुणाकडे तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असेल, कुणाकडे प्लॅस्टिकची टोपली, तर कुणाकडे स्वयंपाकघरातल्या फडताळाचा वरचा कप्पा. तापाच्या गोळ्या, पित्ताच्या गोळ्या, खोकल्याची अर्धी बाटली, भाजल्याचं मलम, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या पट्ट्या असा सगळा संसार त्यात एकत्र नांदत असतो. हा डबा लावायचा, आवरायचा आणि ज्याची गोळी त्याला वेळेवर द्यायची, हे काम घरोघरी गृहिणीकडेच असतं.

अलीकडे या डब्यात आणखीही काही गोळ्या येऊ लागल्या आहेत. कर्करोगाच्या, जुनाट संधिवाताच्या, सोरायसिसच्या, मूत्रपिंड बदललेल्या रोग्याच्या. पूर्वी असली जालीम औषधं मोठ्या रुग्णालयात, नर्सच्या देखरेखीखाली, सलाईनमधून दिली जात. आता त्यांतली बरीच गोळीच्या रूपात मिळतात आणि साध्या कागदी पाकिटातून घरी येतात. दिसायला ती इतर गोळ्यांसारखीच असतात, पण वागवायला मात्र तशी नाहीत.

आपला मावळ तर मुंबई आणि पुणे यांच्या अगदी मधोमध. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव इथल्या माणसाला मोठं दुखणं झालं की तो एकतर पहाटेची गाडी धरून परळच्या टाटा रुग्णालयात जातो (१९४१ पासून हे रुग्णालय रोग्यांची सेवा करीत आहे), नाहीतर लोकलने पुणं गाठतो. तपासणी होते, महिन्याभराच्या गोळ्या मिळतात आणि संध्याकाळी माणूस पिशवी घेऊन घरी परततो. पुढच्या महिन्याच्या गोळ्या गावातल्याच मेडिकलच्या दुकानातून आणल्या जातात. म्हणजे औषध घरी येतं, पण ते हाताळायचं कसं हे सांगणारं माणूस मात्र शहरातच राहतं. म्हणूनच ही माहिती आपण स्वतः करून घ्यायला हवी.

एका घरात घडलेली गोष्ट

माझ्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीच्या घरची ही गोष्ट. तिच्या आजीला संधिवात. हाताची बोटं वाकडी झालेली, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नसे. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी लिहून दिली. संधिवातावर ही फार गुणकारी गोळी आहे, पण ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तिच्या जोडीला फॉलिक ॲसिडची गोळी असते, ती इतर दिवशी घ्यायची. दोन्ही गोळ्या पिवळट आणि लहान असू शकतात.

मुलाने औषधं आणली ती कात्रीने कापलेल्या पट्ट्यांतून. पाकिटावर दुकानातल्या पोऱ्याने घाईत "रोज १" असं लिहून दिलं. घरच्यांनी ते वाचून आजीला रोज गोळी सुरू केली. आठवड्याभरात आजीच्या तोंडात फोड आले, घास गिळेना. मग तिची सून गोळी खलबत्त्यात कुटून पाण्यातून देऊ लागली. सुनेला तेव्हा तिसरा महिना होता.

दहाव्या दिवशी आजीला ताप चढला, जुलाब लागले. रुग्णालयात नेलं तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी झालेल्या निघाल्या. या औषधाचा उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं देतात, ती दिली आणि दोन आठवड्यांनी आजी घरी आली. सुनेचीही तपासणी झाली. पुढे तिला सुखरूप मुलगा झाला. पण ते सहा महिने त्या घराने कसे काढले असतील, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. मुलाने औषध वेळेवर आणलं, सुनेने प्रेमाने दिलं. मात्र ही गोळी वेगळी आहे, एवढं वाक्य कुणी कुणाला सांगितलं नाही.

ही औषधं जोखमीची का?

पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायू वापरला गेला. त्या वायूने होरपळलेल्या सैनिकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, असं डॉक्टरांच्या ध्यानात आलं. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात अशा रोगांवर मग याच जातीचं रसायन का चालू नये, असा विचार पुढे आला. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात नायट्रोजन मस्टर्ड पहिल्यांदा एका रोग्याला दिलं गेलं. कर्करोगावरच्या औषधांची ही सुरुवात. म्हणजे विषातूनच हे औषध निघालं.

मेथोट्रेक्सेटच्या जन्मात तर एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. आंध्रातल्या भीमवरम गावी १८९५ साली जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीत संशोधन करीत होते. त्यांच्या चमूने बनवलेलं ॲमिनोप्टेरिन बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिलं आणि १९४८ मध्ये त्याचा गुण जगापुढे मांडला. मेथोट्रेक्सेट हे त्याचंच भावंड.

या औषधांचं काम असं, की ज्या पेशी भराभर वाढतात त्यांची वाढ रोखायची. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात म्हणून त्या मरतात. पण केसांची मुळं, तोंडातली आणि आतड्यातली त्वचा, रक्त तयार करणाऱ्या पेशी याही भराभर वाढत असतात. आणि सर्वांत वेगाने वाढतो तो आईच्या पोटातला गर्भ. औषधाला आपलं-परकं कळत नाही. रोग्याच्या बाबतीत फायदा मोठा म्हणून डॉक्टर हा धोका पत्करतात. निरोगी माणसाला मात्र फायदा काहीच नाही, धोका तेवढा आहे.

नुसत्या हाताळण्याने काय होणार, असं पूर्वी डॉक्टरांनाही वाटे. १९७९ मध्ये फिनलंडमध्ये ही औषधं तयार करणाऱ्या नर्सेसची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या लघवीत पेशींच्या जनुकांत बदल घडवू शकणाऱ्या द्रव्यांच्या खुणा सापडल्या. १९८५ मध्ये तिथल्याच १७ रुग्णालयांतल्या नर्सेसचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गरोदरपणाच्या सुरुवातीला ही औषधं हाताळणं आणि गर्भ न टिकणं यांचा संबंध दिसून आला. त्यानंतर सगळीकडे नियम कडक झाले. २००४ मध्ये अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने, जिला नायोश म्हणतात, सगळ्या रुग्णालयांना आणि औषध दुकानांना खास इशारा दिला आणि जोखमीच्या औषधांची यादी काढली. ती यादी वेळोवेळी सुधारली जाते.

आता मोठ्या रुग्णालयांत ही इंजेक्शनं हवा गाळणाऱ्या काचेच्या बंदिस्त कपाटात, हातमोज्यांचे दोन जोड आणि झगा घालून तयार करतात. घरातल्या एका गोळीला एवढा सरंजाम लागत नाही. अखंड गोळी, तीही पट्टीत असताना, काही करीत नाही. धोका आहे तो गोळी फुटली, कुटली, भिजली, तिची पूड उडाली म्हणजे.

आपल्या डब्यात अशी कोणती औषधं असू शकतात?

कर्करोगाच्या गोळ्या तर झाल्याच: कॅपेसिटाबिन, सायक्लोफॉस्फामाइड, स्तनाच्या कर्करोगावरची टॅमॉक्सिफेन. पण काही नावं अशी आहेत, की त्यांचा आपल्याला संशयही येत नाही.

सासऱ्यांना लघवीचा त्रास असेल तर प्रोस्टेटवर फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड दिलेलं असतं. हेच फिनास्टेराइड केस गळू नयेत म्हणून तरुण पुरुषही घेतात. फुटलेल्या गोळीला किंवा गळक्या कॅप्सूलला गरोदर बाईने हात लावू नये, कारण पोटातल्या मुलाच्या जननेंद्रियाच्या वाढीवर त्याचा परिणाम होऊ शकतो. मूत्रपिंड बदललेल्या रोग्याची मायकोफेनोलेट आणि ॲझाथायोप्रिन, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, थॅलिडोमाइड हीही याच पंगतीतली. थॅलिडोमाइड १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आलं, तेव्हा ते झोपेचं निर्धोक औषध म्हणून खपत होतं. गरोदर बायांनी घेतल्याने हजारो मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली आणि १९६१ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. आता ते काही आजारांवर पुन्हा वापरतात, पण फार जपून.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. हे वाचून घाबरून कुणी स्वतःचं किंवा घरातल्याचं औषध मनाने बंद करू नका. फिट्सची गोळी अचानक थांबवली तर जिवावर बेतू शकतं. शंका आली तर डॉक्टरांना विचारा. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर तेही आधी सांगा.

मेडिकलच्या दुकानात काय बघाल?

आपण भाजी घेताना टोमॅटो उलटासुलटा करून बघतो. औषधाचं पाकीट मात्र न बघता पर्समध्ये टाकतो. पुढल्या वेळी एवढं करा.

पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. काही औषधांच्या वेष्टणावर इंग्रजीत सूचना असते, की डॉक्टरांच्या देखरेखीखेरीज हे घेणं धोक्याचं आहे. औषध कायद्याच्या 'जी' परिशिष्टातल्या औषधांवर ही सूचना छापावी लागते. इंग्रजी वाचता येत नसेल तर दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा. त्यात कमीपणा कसला?

चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मसिस्टच्या देखरेखीखाली दिलं गेलं पाहिजे, असा कायदा आहे. गर्दीच्या वेळी काउंटरवर कुणीही असो, अशा औषधाच्या बाबतीत "फार्मसिस्टना बोलवा, मला विचारायचं आहे," असं स्पष्ट म्हणा. आणि हे चार प्रश्न विचारा: ही गोळी रोज घ्यायची की आठवड्याने? कुटून किंवा अर्धी करून चालेल का? ठेवायची कुठे? घरात गरोदर बाई किंवा लहान मूल आहे, काय काळजी घेऊ?

पट्टी शक्यतो अख्खी घ्या. चार गोळ्या हव्यात म्हणून कात्रीने कापली, की नाव एका तुकड्यावर, मुदतीची तारीख दुसऱ्यावर आणि बॅच नंबर तिसऱ्यावर जातो. कापताना एखादी गोळी दुखावते, तिची पूड कात्रीला लागते आणि तीच कात्री पुढच्या गिऱ्हाइकाच्या पट्टीवर चालते. तुकडा घ्यावाच लागला, तर नाव आणि मुदत असलेला घ्या.

बिलही मागून घ्या. त्यावर बॅच नंबर असतो. त्याचं मोल काय, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलमुळे १४ रोगी दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी करून औषधांची खरेदी आणि तपासणी यांतला ढिसाळपणा उघडा पाडला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधातल्या तशाच विषाने लहान मुलं गेली. असं काही घडलं की सरकार त्या औषधाचा बॅच नंबर जाहीर करतं. आपल्या हातात नंबर असेल तरच आपली बाटली त्यातली की नाही, हे कळणार.

दुकानात काम करणाऱ्या लेकीबाळींसाठी

हल्ली आपल्या कितीतरी मुली डी.फार्म. होऊन मेडिकलमध्ये नोकरी करतात. दिवसभर औषधं हाताळायची ती त्यांनी. म्हणून त्यांच्या आयांनी आणि सासवांनीही हे वाचावं. जोखमीच्या औषधांचा कप्पा वेगळा आणि शक्यतो खालच्या बाजूला असावा, म्हणजे वरून पडून फुटायची भीती नाही. सुट्या गोळ्या मोजायच्या तर हातमोजे घालून, वेगळ्या ताटलीत मोजाव्या. ती ताटली आणि कात्री नंतर धुवावी. फुटलेलं औषध केरसुणीने झाडू नये, ओल्या कागदाने टिपून घ्यावं. काउंटरवर डबा उघडून जेवू नये. आणि दिवस राहिले असतील, तर मालकाला सांगून हे काम दुसऱ्याकडे द्यावं. हे सांगायला लाजू नये, आणि मालकानेही नाक मुरडू नये.

घरात आणल्यावर

१. जोखमीच्या औषधाला वेगळा, झाकणाचा डबा करा. त्यावर ठळक मराठीत रोग्याचं नाव लिहा. गोळी आठवड्याची असेल तर "फक्त बुधवार" असा वारच लिहा आणि कॅलेंडरवर त्या वारांवर खूण करा. घेतली की खूण खोडा.

२. गोळ्या पट्टीतून काढून ठेवू नका. लोणावळ्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांनाही बुरशी येते, तिथे सुटी गोळी ओल धरून विरघळायला कितीसा वेळ? डबा कोरड्या जागी, कुलपात आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलं असेल, तर बंद डब्यात, खाण्याच्या जिनसांपासून दूर ठेवा.

३. गोळी कुटू नका, विळीने किंवा सुरीने कापू नका, कॅप्सूल उघडू नका. खलबत्त्यात राहिलेली पूड दुसऱ्या दिवशी वेलदोड्यांबरोबर घरभर जाते. रोग्याला गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा. काही औषधं पातळ स्वरूपात मिळतात.

४. शक्य असेल तर रोग्यानेच गोळी पट्टीतून काढून घ्यावी. आपण द्यायची तर एकदाच वापरायचे हातमोजे घाला किंवा झाकणात काढून द्या. नंतर साबणाने हात धुवा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्यावं. नवरोबांना पाण्याचा पेला आणून देता येतो, तशी गोळीही देता येईल!

५. गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका. डॉक्टरांना विचारा.

६. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याने तोंडात फोड, ताप, जुलाब, अंगावर निळे डाग यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दुसऱ्या दुखण्यासाठी वेगळ्या डॉक्टरांकडे गेलात तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगा. कोट्रायमोक्साझोल हे नेहमीच्या वापरातलं जंतुनाशक या गोळीबरोबर घेणं धोक्याचं आहे. अंगदुखीच्या गोळ्याही विचारल्याशिवाय नकोत.

७. मुलाने चुकून गोळी गिळली तर ओकारी काढायच्या भानगडीत पडू नका. पट्टी हातात घ्या आणि तडक रुग्णालय गाठा.

८. केमोथेरपीनंतर साधारण ४८ तास, आणि काही औषधांनंतर त्याहून जास्त, रोग्याच्या लघवीतून, शौचातून, उलटीतून औषध बाहेर पडत असतं. त्या काळात संडासात दोनदा पाणी सोडा, झाकण असेल तर लावून सोडा. पुरुषांनीही बसून लघवी करावी, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. उलटीचं भांडं आणि खराब झालेले कपडे हातमोजे घालून, इतर कपड्यांपासून वेगळे धुवा.

शिवाशिव मात्र नको

हे सगळं वाचून एखादीच्या मनात येईल, की मग रोग्याचं ताट-वाटी वेगळी करावी, नातवंडांना जवळ जाऊ देऊ नये. असं अजिबात करू नका. कर्करोग शिवल्याने होत नाही, संधिवातही नाही. रोग्याला मिठी मारा, त्याच्या शेजारी बसून जेवा, त्याची भांडी नेहमीसारखी घासा. जपायचं ते औषधाच्या पुडीपासून आणि त्या दोन दिवसांतल्या मलमूत्रापासून, माणसापासून नव्हे. आधीच खचलेल्या माणसाला घरातच परकं केलं, तर कुठलं औषध लागू पडणार?

उरलेल्या गोळ्यांचं काय?

रोगी बरा झाला, औषध बदललं किंवा माणूस गेला, की मागे पट्ट्या उरतात. गोळी महागाची असते, म्हणून कुणा गरजूला द्यावी असं वाटतं. भावना चांगली, पण थेट देऊ नका. मात्रा माणसागणिक वेगळी असते.

त्या संडासात किंवा नदीतही टाकू नका. आपली इंद्रायणी कुरवंड्याजवळ उगम पावते आणि पुढे देहू-आळंदीला जाते. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडची माणसं पितात. उगमाकाठी राहणाऱ्यांवर खालच्या गावांचीही जबाबदारी असते. शेकोटीत जाळणंही वाईट, धूर आपल्याच नाकात जातो. रुग्णालयांनी ही औषधं एकतर उत्पादकाकडे परत करावीत, नाहीतर १२०० अंशांच्या वर तापणाऱ्या भट्टीत जाळली जातील अशी व्यवस्था करावी, असा २०१६ चा नियम आहे. एवढी उष्णता आपल्या बंबात कुठून येणार?

तेव्हा उरलेल्या पट्ट्या जाड पिशवीत बांधून पुढच्या तपासणीच्या वेळी रुग्णालयाच्या औषध विभागात घेऊन जा आणि परत घेता का ते विचारा. गावातल्या मेडिकलवाल्यालाही विचारा. कुणीच घेत नसेल तर ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता, "मुदत संपलेली औषधं" अशी चिठ्ठी लावून ती नगरपरिषदेच्या गाडीवर वेगळी द्या. चार बायकांनी वेगळी दिली, की पाचवीलाही सवय लागेल. आणि महिला मंडळाने ठरवलं, तर गावातल्या औषध दुकानदारांना गाठून महिन्यातून एक दिवस अशी औषधं गोळा करायची सोय करून घेणं काही अवघड नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या रविवारी दुपारची भांडी आवरली की औषधांचा डबा खाली काढा. प्रत्येक पट्टीवरचं नाव वाचा. ज्याचा अर्थ लागत नाही ती बाजूला ठेवा, आणि सोमवारी भाजी आणायला जाल तेव्हा फार्मसिस्टला दाखवा. गहू निवडायला आपण तासभर बसतो, त्यातला अर्धा तास या डब्याला द्या.